बाहेरची स्कॉलरशिप आली, मग कॉलेजची एड का घटली? अमेरिकेतल्या मराठी पालकांचे आणि विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजांची अ‍ॅवॉर्ड लेटरं, म्हणजे किती आर्थिक मदत (एड) देणार ते सांगणारी पत्रं, येतात. मे-जूनमध्ये बाहेरच्या शिष्यवृत्त्यांचे निकाल लागतात, व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनं होतात, पेढे वाटून होतात. आणि जुलैमध्ये कॉलेजचं ‘सुधारित’ लेटर येतं. मला फोन येतात ते जुलैमध्ये.

मी टॅक्सवाली नाही, कॉलेजच्या एड ऑफिसातही कधी काम केलेलं नाही. दोन मुलांचे फॉर्म भरून शहाणी झालेली आई आहे. शनिवारी मराठी शाळा सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये उभ्या उभ्या जे प्रश्न विचारले जातात, ते एकदा नीट उतरवून काढावेत म्हणून हे.

बाहेरची शिष्यवृत्ती म्हणजे नेमकी कोणती?

जी कॉलेज देत नाही, केंद्र किंवा राज्य सरकारही देत नाही, ती बाहेरची. रोटरी क्लब, गावातली लायब्ररी, महाराष्ट्र मंडळ, बाबांच्या कंपनीची कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी असलेली योजना, हे सगळं त्यात आलं. मोठ्यांपैकी कोका-कोला स्कॉलर्सची दरवर्षी १५० मुलांना प्रत्येकी २०,००० डॉलर देणारी शिष्यवृत्तीही बाहेरचीच. कॉलेजने प्रवेश देताना स्वतःच दिलेली मेरिट स्कॉलरशिप मात्र बाहेरची नव्हे, तिचे नियम वेगळे. आजोबांनी पुण्याहून पाठवलेले पैसे ही शिष्यवृत्ती नाही. फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या एडसाठीचा अर्ज, याच्या नव्या फॉर्ममध्ये अशा पैशांबद्दलचा प्रश्नच उरलेला नाही. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे बरीच खासगी कॉलेजं मागतात तो वेगळा अर्ज, भरणार असाल तर तिथले प्रश्न मात्र नीट वाचा.

शिष्यवृत्ती आमच्या मुलीने मिळवली. मग कॉलेज तिचे पैसे का कापतं?

कारण कॉलेज तिच्याकडे बक्षीस म्हणून बघत नाही, उत्पन्न म्हणून बघतं.

हिशेब असा असतो. वर्षाचा एकूण खर्च आधी काढतात, म्हणजे ट्यूशन, फी, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास आणि किरकोळ, सगळं धरून. याला ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’ म्हणतात. त्यातून तुमच्या कुटुंबाचा हिशेबी वाटा वजा करतात. हा आकडा फॅफ्सावरून निघतो, २०२४-२५ पासून त्याचं नाव ‘स्टुडंट एड इंडेक्स’ आहे, त्याआधी ‘ईएफसी’ होतं. जुने लोक अजून ईएफसीच म्हणतात. बरीच खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइलवरून स्वतःचा वेगळा आकडा काढतात आणि तो सहसा जास्त निघतो. वजाबाकी करून उरते ती तुमची ‘नीड’.

केंद्र सरकारचा नियम असा की गरजेवर आधारलेली एड आणि बाहेरची मदत मिळून या नीडच्या वर जाता कामा नये. गेली तर तो ‘ओव्हरअ‍ॅवॉर्ड’, आणि तो निस्तरणं कॉलेजचं काम.

पंगतीत पान आधीच भरलेलं असेल आणि कोणी नवा पदार्थ घेऊन आलं, तर काहीतरी उचलावं लागतं. उचलावं लागतं हे सरकार सांगतं. काय उचलायचं, जिलबी की कारलं, हे बरंचसं कॉलेज ठरवतं. जिलबी म्हणजे ग्रँट, जी परत करायची नसते. कारलं म्हणजे लोन आणि वर्क-स्टडी (शिकता शिकता करायचं पगारी काम), ज्याला तिथे ‘सेल्फ-हेल्प’ असं गोंडस नाव आहे. जिलबी उचलली की त्याला ‘स्कॉलरशिप डिस्प्लेसमेंट’ म्हणतात, आणि जुलैमधले सगळे फोन त्याबद्दलचे असतात.

आकडे घालून सांगा.

समजा एका खासगी कॉलेजचा वर्षाचा खर्च ८४,००० डॉलर. तुमचा हिशेबी वाटा २४,०००. नीड झाली ६०,०००. कॉलेज ती पूर्ण भागवतं, अशी: ग्रँट ५४,०००, सबसिडाइज्ड लोन ३,५०० (शिकत असताना याचं व्याज सरकार भरतं; पहिल्या वर्षी केंद्र सरकार याहून जास्त सबसिडाइज्ड लोन देतच नाही) आणि वर्क-स्टडी २,५००. बेरीज ६०,०००. पान भरलं.

आता मुलीला बाहेरून ५,००० मिळाले.

पहिल्या प्रकारचं कॉलेज ग्रँट ५४,००० वरून ४९,००० वर आणतं. लोन तेवढंच, काम तेवढंच, तुमचे २४,००० तेवढेच. मुलीने निबंध लिहिले, मुलाखती दिल्या, आणि ५,००० डॉलर वाचले कॉलेजचे.

दुसऱ्या प्रकारचं कॉलेज आधी ३,५०० चं लोन पुसतं, मग वर्क-स्टडी २,५०० वरून १,००० वर आणतं. ग्रँटला हात लावत नाही. तुमचे २४,००० इथेही द्यायचेच आहेत, पण मुलीच्या डोक्यावर त्या वर्षाचं कर्ज नाही आणि डायनिंग हॉलमध्ये ताटं उचलायचे तास निम्म्याहून कमी झाले.

शिष्यवृत्ती ५,००० ऐवजी १०,००० ची असती तर? दुसऱ्या कॉलेजातसुद्धा लोन आणि काम मिळून ६,००० च होते. ते संपले की उरलेले ४,००० ग्रँटमधूनच जाणार, ग्रँट ५०,००० होणार. म्हणजे चांगल्या धोरणाच्या कॉलेजातही बाहेरच्या शिष्यवृत्तीच्या फायद्याला एक छत आहे, आणि ते छत म्हणजे पॅकेजमधलं सेल्फ-हेल्प. लेटर हातात आलं की पहिल्यांदा हा आकडा बघा.

एमआयटी, हार्वर्ड, प्रिन्स्टन ही कॉलेजं दुसऱ्या प्रकारात मोडतात, बाहेरची रक्कम आधी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वाट्यातून वजा होते. प्रिन्स्टनने तर २००१ सालीच एड पॅकेजमधून लोन काढून टाकलं. ऐकायला छान, पण त्यामुळे तिथे उचलायला कारलंही थोडंच असतं: कॅम्पसवरचं काम आणि उन्हाळ्यातली अपेक्षित कमाई, बस.

आमच्या मुलाच्या स्टेट युनिव्हर्सिटीने काहीच कापलं नाही. ती उदार आहे का?

उदार नाही, तिने पान भरलंच नव्हतं.

समजा खर्च ३८,०००, तुमचा वाटा १२,०००, नीड २६,०००, आणि मिळालेली एड १७,०००. मध्ये ९,००० चं भगदाड आहे. याला ‘गॅप’ किंवा ‘अनमेट नीड’ म्हणतात. बाहेरचे ५,००० आले की ते त्या भगदाडात जातात. तुम्ही खिशातून भरणार होतात २१,०००, आता भराल १६,०००. डॉलरला डॉलर फायदा.

बहुतेक सरकारी विद्यापीठं आणि पुष्कळशी खासगी कॉलेजं पूर्ण नीड भागवत नाहीत, त्यामुळे तिथे बाहेरची शिष्यवृत्ती खरोखर उपयोगी पडते. ‘आम्ही शंभर टक्के नीड भागवतो’ असं अभिमानाने सांगणाऱ्या कॉलेजांमध्येच ती गिळली जाण्याचा संभव जास्त. उलटं वाटतं, पण हिशेब तसाच आहे.

आम्ही दोघेही आयटीत. एड मिळतच नाही. आम्हाला काय?

तुम्हाला सगळ्यात सोपं. कापायला एडच नाही, म्हणून बाहेरची शिष्यवृत्ती थेट बिलातून वजा होते. ज्याला गरज नाही त्याला पूर्ण फायदा आणि ज्याला गरज आहे त्याचा निम्मा गिळला जातो, ही या व्यवस्थेची मला सर्वात न पटणारी गोष्ट. एक तपासा: कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप असेल तर तिच्यावर दुसरी ‘स्टॅक’ करू देतात का, आणि बेरीज कुठवर जाऊ देतात. काही ठिकाणी मर्यादा ट्यूशनपुरती असते, काही ठिकाणी एकूण खर्चापर्यंत.

तुमच्या ५२९ प्लॅनमध्ये (शिक्षणासाठीची करसवलतीची बचत योजना) पैसे साचले असतील तर अजून एक: करमुक्त शिष्यवृत्तीइतकी रक्कम त्यातून दुसऱ्या कामासाठी काढली तर १० टक्के दंड लागत नाही. वाढीवर आयकर लागतो.

पेल ग्रँटही कापतात का?

पेल म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या मुलांसाठीची केंद्र सरकारची ग्रँट. बाहेरच्या शिष्यवृत्तीमुळे ती कमी होत नाही. २०२५-२६ साठी तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे आणि उत्पन्नाच्या हिशेबात बसलात तर ती तुमची. अपवाद २०२५ च्या नव्या कायद्याने आणला: १ जुलै २०२६ पासून, केंद्र सरकार सोडून बाकीच्यांकडून मिळालेली ग्रँट-शिष्यवृत्तीच एकूण खर्चाइतकी किंवा जास्त झाली, तर पेल मिळणार नाही. फुल राइड मिळालेल्या मुलांचा हा प्रश्न आहे, ५०० डॉलरवाल्यांचा नाही.

कॉलेजला आधी काय विचारायचं?

हा प्रश्न मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच घातला आहे.

आमच्या थोरल्याच्या वेळी मी काही विचारलं नव्हतं. त्याने बारावीच्या वर्षात चौदा शिष्यवृत्त्यांसाठी निबंध लिहिले. त्यातल्या तीन लागल्या, मिळून ४,००० डॉलर. जुलैमध्ये कॉलेजच्या पोर्टलवर लेटर बदललं. ग्रँटच्या ओळीत बरोबर ४,००० कमी. खाली लोनची ओळ जशीच्या तशी. मी फोन केला तर पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘हे आमच्या पॉलिसी पानावर दिलेलं आहे.’ दिलेलं होतं खरं. चौथ्या लिंकच्या आत, पीडीएफच्या सहाव्या पानावर. मुलगा काही बोलला नाही. त्याच्या टेबलावर त्या निबंधांचे प्रिंटआउट होते, ते त्याने रिसायकलिंगमध्ये टाकले.

धाकटीच्या वेळी डिसेंबरमध्येच, सहा कॉलेजांच्या एड ऑफिसला ईमेल टाकली. चार गोष्टी विचारल्या. बाहेरची शिष्यवृत्ती आली तर आधी काय कमी करता, लोन आणि काम की ग्रँट? गॅप असेल तर आधी गॅप भरू देता का? लॅपटॉप किंवा हेल्थ इन्शुरन्ससाठी रक्कम वापरता येते का? आणि पहिल्या वर्षीचं हे धोरण चारही वर्षं तेच असतं का? पाच कॉलेजांनी आठवड्यात उत्तरं दिली. एकाने फक्त लिंक पाठवली, त्यावरूनच काय ते कळलं.

फोनवर विचारू नका. ईमेल करा, म्हणजे उत्तर हातात राहतं. आणि ईमेल मुलानेच पाठवावी, आईबाबांनी नव्हे. अठरा वर्षांच्या मुलाची माहिती ऑफिस पालकांना परवानगीशिवाय देत नाही, आणि मुलाच्या नावाने आलेल्या पत्राला उत्तर जरा लवकर येतं हा माझा अनुभव.

कॉलेजला सांगितलंच नाही तर?

सांगावं लागतंच. एड घेताना तुम्ही तसं मान्य केलेलं असतं. शिवाय बऱ्याच संस्था चेक थेट कॉलेजच्या नावाने काढतात, त्यामुळे लपवायला काही उरतच नाही. मागाहून कळलं तर मधल्या काळात दिलेली एड परत मागतात, आणि ती सेमिस्टरच्या मध्यावर, जेव्हा हातात काही नसतं.

हे कायदेशीर आहे का? कोणी अडवत नाही का?

देशभरासाठी असा कायदा नाही. राज्यांनी मात्र पावलं उचलली आहेत. पहिलं मेरीलँड, २०१७ मध्ये: तिथल्या सरकारी विद्यापीठांना बाहेरच्या शिष्यवृत्तीमुळे आपली ग्रँट सहजासहजी कापता येत नाही. ग्रँट आणि शिष्यवृत्त्या मिळून विद्यार्थ्याच्या नीडच्या वर गेल्या, किंवा देणाऱ्या संस्थेने परवानगी दिली, तर गोष्ट वेगळी. नंतर न्यू जर्सी, वॉशिंग्टन, पेन्सिल्व्हेनिया यांनी आपापले कायदे केले. कॅलिफोर्नियाचा कायदा २०२३-२४ पासून लागू आहे आणि तो खासगी कॉलेजांनाही लागतो, पण पेलसाठी पात्र असणाऱ्या किंवा कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्टखाली (कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित मुलांसाठीचा कायदा) एड घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुरता. तिथे सगळी ग्रँट मिळून एकूण खर्चाच्या वर गेली तरच कॉलेज आपली ग्रँट कापू शकतं.

म्हणजे एडिसनमध्ये राहणाऱ्या कुटुंबाने न्यू जर्सीचा कायदा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तुम्ही कुठे राहता याने फरक पडत नाही, कॉलेज कुठे आहे आणि कोणतं आहे याने पडतो.

लेटर बदलून आलं. आता काही करता येतं का?

येतं. भांडून नाही, मागून.

पहिलं, एकूण खर्चाचा आकडा वाढवून मागा. पान मोठं केलं की जिलबी उचलावी लागत नाही. एक लॅपटॉप खर्चात धरायला नियमांची परवानगी आहे. कॉलेजचा हेल्थ इन्शुरन्स घ्यावा लागत असेल, शिकागोहून टेक्सासला जायचं विमानाचं भाडं त्यांनी धरलेल्या प्रवासखर्चापेक्षा जास्त असेल, चष्मा किंवा दातांचा मोठा खर्च असेल, तर पावत्या जोडून अर्ज करा. धाकटीच्या लॅपटॉपचे १,४०० डॉलर असेच धरले गेले. दुकानातली पावती नव्हती, फक्त किमतीचा कोटेशन कागद होता, तरी चाललं.

दुसरं, शिष्यवृत्ती देणाऱ्याला विचारा. रक्कम दोन वर्षांत विभागून देता येईल का, किंवा पुढच्या वर्षी देता येईल का? दुसऱ्या वर्षापासून सबसिडाइज्ड लोनची मर्यादा वाढते (४,५००, मग ५,५००), त्यामुळे पॅकेजमध्ये लोनचा भाग मोठा होऊ शकतो आणि बाहेरची रक्कम तिथे मावते. देणारे बहुतेक वेळा समजूतदार असतात. आपला चेक मुलाऐवजी कॉलेजच्या खिशात जातोय हे त्यांनाही आवडत नाही.

तिसरं, साधी विनंती: ग्रँटऐवजी लोन कमी कराल का? एवढ्या एका वाक्याने बदललेली दोन लेटरं मी स्वतः पाहिली आहेत.

गेट्स स्कॉलरशिपसारख्या काही शिष्यवृत्त्या मुळातच ‘लास्ट डॉलर’ असतात. बाकी सगळी ग्रँट धरून जे उरतं ते त्या भरतात, त्यामुळे तिथे ही झटापट बरीच कमी. गेट्स फक्त पेल-पात्र मुलांना मिळते.

आम्ही एच-१बीवर, मुलगी एच-४ वर. तिला काय लागू होतं?

केंद्र सरकारची एड मिळत नाही, ना पेल, ना लोन, ना वर्क-स्टडी. बाहेरच्या मोठ्या शिष्यवृत्त्यांपैकी बऱ्याच नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतात. लहान, गावपातळीवरच्या शिष्यवृत्त्या मात्र बऱ्याचदा व्हिसा विचारत नाहीत, तिथे जोर लावा. काही खासगी कॉलेजं स्वतःच्या पैशातून एड देतात, त्यासाठी सीएसएस प्रोफाइल भरावं लागतं. त्यात भारतातला फ्लॅट दाखवावा लागतो. फॅफ्सा भरणाऱ्यांसाठीही तेच: तुम्ही राहता ते घर धरत नाहीत, पण कोथरूडचा भाड्याने दिलेला फ्लॅट ही मालमत्ता.

कॉलेजच्या मध्यात ग्रीन कार्ड आलं तर त्या वर्षी लगेच फॅफ्सा भरा. आणि एकविसाव्या वाढदिवसाकडे लक्ष ठेवा, त्या दिवसापासून एच-४ संपतो.

मी पुण्याहून बारावीनंतर बीएससाठी निघालोय. मला भारतातल्या ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली तर?

तुझ्यासाठी फॅफ्सा नाही, सगळा व्यवहार कॉलेजशी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडॉइन अशी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांची पैशाची गरज न बघता प्रवेश देतात आणि गरज पूर्ण भागवतात. बाकीच्या बहुतेक ठिकाणी किती मदत लागणार हे प्रवेशाच्या निर्णयातच धरलं जातं. ट्रस्टची रक्कम कळवावीच लागेल, ती आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) दाखवली जाते. केंद्राचं लोन तुझ्या पॅकेजमध्ये नसतंच, त्यामुळे कॉलेजला कमी करायला कॅम्पसवरचं काम आणि ग्रँट एवढंच उरतं. सेमिस्टर चालू असताना तसंही आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. म्हणून तुझ्या बाबतीत शिष्यवृत्ती मोठी असेल तर बराच भाग ग्रँटमधून जाईल, हे धरून चाल. ट्रस्टला विचार की रक्कम विमानाच्या तिकिटासाठी, व्हिसाच्या खर्चासाठी, जायच्या आधी देता येईल का. हे खर्च कॉलेजच्या हिशेबात सहसा पुरेसे धरलेले नसतात.

शिष्यवृत्तीवर टॅक्स लागतो?

ट्यूशन, फी आणि अभ्यासक्रमाला लागणारी पुस्तकं-साहित्य यावर खर्च झालेला भाग करमुक्त. राहण्या-जेवणावर गेलेला भाग करपात्र. हे ऐकून पालक दचकतात, म्हणून एक उदाहरण.

भारतातून एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) आलेल्या मुलाला कॉलेजच्या ग्रँटमधून राहण्या-जेवणाचे २०,००० डॉलर मिळतात. त्यावर कॉलेज १४ टक्के, म्हणजे २,८०० डॉलर कापून घेऊ शकतं आणि १०४२-एस फॉर्म (कापलेल्या कराची नोंद) देतं. पण भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन (करपात्र उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) घेता येतं, जे बाकीच्या बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. २०२५ साठी ते १५,७५० आहे. उरले ४,२५०, त्यावर १० टक्के म्हणजे ४२५ डॉलर. दुसरी काही कमाई नसेल तर जास्तीचे कापलेले पैसे रिटर्न भरून परत मिळतात. रिटर्न न भरणारी मुलं दरवर्षी दोन हजारांवर पाणी सोडतात, आणि ‘कमाईच नव्हती तर कशाला भरायचं’ असं वर सांगतात. भारतातल्या ट्रस्टने भारतातून दिलेली रक्कम एफ-१ वरच्या अनिवासी विद्यार्थ्यासाठी अमेरिकेच्या कराबाहेर राहते. भारतातही शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त आहे.

इथल्या नागरिक मुलांच्या पालकांनी एक गणित करून बघावं. अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट (शिक्षणखर्चावरची करसवलत) वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत मिळतं, पण त्यासाठी ४,००० डॉलरची ट्यूशन-पुस्तकं शिष्यवृत्तीशिवाय भरलेली दाखवावी लागतात. शिष्यवृत्तीची तेवढी रक्कम राहण्या-जेवणाकडे दाखवून तिच्यावर थोडा कर भरला, तर कधीकधी क्रेडिटचा फायदा मोठा ठरतो. दोघांचं मिळून उत्पन्न १,८०,००० च्या वर असेल तर हे क्रेडिट मिळतच नाही, मग डोकं शिणवू नका.

एमएससाठी जाणाऱ्यांना हे सगळं लागू आहे का?

फारसं नाही. मास्टर्सला गरजेवर आधारित एड जवळपास नसतेच. असिस्टंटशिप असेल तर मात्र विभागाला विचारा, बाहेरची फेलोशिप आल्यावर स्टायपेंड किंवा ट्यूशन वेव्हर कमी करतात का. जे. एन. टाटा एंडॉवमेंटची मदत (१८९२ पासून चालू आहे ही योजना) ही लोन स्कॉलरशिप आहे, म्हणजे फेडायची. तिला शिष्यवृत्ती म्हणून धरून बजेट करू नका. भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज काढत असाल तर बँकांच्या नमुना योजनेत परदेशी शिक्षणासाठी ४ लाखांच्या वर १५ टक्के मार्जिन तुम्ही भरायचं असतं, आणि शिष्यवृत्ती त्या मार्जिनमध्ये धरली जाते. मंजुरीपत्र मिळालं की लगेच बँकेत नेऊन द्या.

एकदाच मिळणारी शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी संपली. कॉलेज कापलेली ग्रँट परत देतं का?

पुढच्या वर्षी नव्याने हिशेब होतो, त्यामुळे नीड तीच राहिली तर पूर्ण नीड भागवणारी कॉलेजं ग्रँट वर आणतात. पण आपोआप होईल असं धरू नका. शिष्यवृत्ती संपल्याचं कळवा, नाहीतर ती ओळ लेटरवर ‘अपेक्षित’ म्हणून तशीच बसून राहते. काही कॉलेजं पहिल्या वर्षी ग्रँट मोठी देतात आणि पुढे हळूच आवरतात, ते वेगळं दुखणं.

अर्जासाठी ५० डॉलर फी मागताहेत. भरू का?

नाही.

मग ५०० डॉलरसाठी निबंध लिहायला मुलाला सांगावं की नाही?

कॉलेज गॅप ठेवणारं असेल किंवा तुम्हाला एड नसेल, तर जरूर. पॅकेजमध्ये लोन असेल आणि कॉलेज आधी लोन कमी करत असेल, तरीही. ग्रँट आधी कापणारं कॉलेज जर मुलाने नक्की केलं असेल, तर त्याला तो शनिवार झोपू द्या. कॉलेज ठरायच्या आधीच्या अर्जांबद्दल मात्र हात आखडू नका, कारण शेवटी कुठे जाणार हे डिसेंबरमध्ये कोणालाच माहीत नसतं.

चेक कॉलेजच्या नावाने आलाय. पुढे काय करायचं?

चेकवर किंवा सोबतच्या पत्रावर मुलाचं पूर्ण नाव आणि स्टुडंट आयडी लिहिलेला आहे का बघा. नसेल तर देणाऱ्या संस्थेला विचारून घाला. मोठ्या विद्यापीठात एकाच आडनावाचे पंधरा पाटील असू शकतात. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. रक्कम बहुधा दोन सेमिस्टरमध्ये अर्धी-अर्धी लावली जाते, त्यामुळे ऑगस्टच्या बिलात अर्धीच दिसली तर घाबरू नका. दोन आठवड्यांत पोर्टलवर काहीच दिसलं नाही, तर एड ऑफिसला नाही, बर्सरच्या (फी आणि बिलं बघणाऱ्या) ऑफिसला फोन करा. चेक तिथल्याच कुठल्यातरी ट्रेमध्ये पडलेला असतो.